पाण्यातली सांझी आणि मिलचे रंग

लेकीचा फोन आला तेव्हा मी मिलमध्ये होतो आणि माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पोपटी झालेले होते. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून मी म्हणालो, “बोल गं.”

“पप्पा, अमावस्येला तुम्ही आणि मम्मी दुपारीच या. पाण्यातली सांझी आहे. ह्या वेळी मी करणारेय. आणि पप्पा, ऐका ना, येताना काही आणू नका.”

लेक ‘काही आणू नका’ म्हणाली, की बापाच्या डोक्यात काय काय नेता येईल याची रांगच लागते. हा दोष माझा एकट्याचा नसावा. पण माझ्याकडे तो जरा जास्त आहे, असं घरात सगळ्यांचं मत आहे.

आमची ओळख थोडक्यात सांगतो. मी मूळचा खानदेशातला, वाढलो आणि पिकलो सुरतेच्या उधना भागात. पिकलो म्हणजे केसांनी, अकलेबद्दल पुढे कळेलच. साड्या छापणाऱ्या एका मिलमध्ये मी कलर मास्टर आहे. जिथे रंग कालवतात त्या खोलीला आमच्याकडे कलर किचन म्हणतात. घरच्या किचनमध्ये मला चहाचा रंग साधत नाही आणि स्वतःच्या मिशीला लावलेला काळा रंग उन्हात जांभळा दिसतो. पण साडीवर मोरपिशी कशी उठवायची ते कुणीही मला विचारावं, असं मी लग्नकार्यात, रिक्षात आणि दाढीच्या दुकानात सांगत असतो.

लेक सुरतेजवळच्या सचिन नावाच्या गावी एका कारखान्यात कॉम्प्युटरवर भरतकामाची डिझाइनं करायची. जावई तिथलेच, शेजारच्या टेबलावरचे. जुन्या सुरतेतल्या एका शेरीत, म्हणजे गल्लीत, त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर, घरात ठाकोरजी, म्हणजे बाळकृष्णाची सेवा, आणि कांदा-लसूण उंबऱ्याच्या बाहेर. लग्नाच्या बोलणीला त्यांनी प्रेमाने विचारलं, “तमारे त्यां खास शुं बने?” मी उत्साहाने वांग्याच्या भरताचं वर्णन सुरू केलं. लसणाच्या पातीपर्यंत पोचणार तेवढ्यात बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, आणि ते भरीत इतिहासातलं पहिलं बिनलसणाचं भरीत ठरलं. लग्न झालं मागच्या थंडीत. लेक महिन्याभरात अशी सुरती बोलायला लागली, की फोनवर मीच एकदा ‘रॉंग नंबर’ म्हणून ठेवून दिला.

आता सांझीचं. भाद्रपदाची पौर्णिमा झाली, की आपल्याकडे पितृपंधरवडा लागतो. नवीन काही घ्यायचं नाही, शुभ काही करायचं नाही, ज्या दिवशी पित्तर जेवायला येणार त्या दिवशी दारात रांगोळीसुद्धा घालायची नाही. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात लेकीच्या सासरी रोज संध्याकाळी रंगांचा उत्सव. राधा संध्याकाळी फुलं वेचून त्यांचं चित्र मांडायची आणि कृष्ण सखीचं सोंग घेऊन ते बघायला यायचा, त्याची ही आठवण. कागदात चित्र कापायचं, तो कागद पसरून त्यावर कोरडा रंग अलगद चाळायचा, मग कागद उचलायचा. खाली राधा, कदंब, गायी, यमुना. ठाकोरजींना दाखवायचं, शेजारणींनी दर्शन घ्यायचं, आणि सगळं पुसून टाकायचं. दुसऱ्या दिवशी दुसरा कागद, दुसरं चित्र.

बायकोने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, “पित्तरपाटामा रांगोळी? आपला घर कोनी काढस का?”

“ती रांगोळी नाही, सांझी आहे,” मी म्हणालो.

“जमीनवर रंग टाकेल शे ना? मंग?” अहिराणीत वाद घालून मी आजवर जिंकलेलो नाही.

तर या सांझीची सगळी सूत्रं विहीणबाईंच्या हातात. त्यांच्या सासूने त्यांना शिकवलेली. त्यांच्या बारीक कात्रीने कापलेली यमुनेची लाट मी बघितली आहे. आमच्या मिलमध्ये तसली रेष छापायची म्हटली तर छपाईची जाळी बनवणारा राजीनामा देईल. पण श्रावणात विहीणबाई ओट्यावरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. या वर्षी कापणार कोण?

इथे फोई आल्या. फोई म्हणजे जावयांची आत्या, विहीणबाईंची नणंद, पलीकडच्याच शेरीत राहणाऱ्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही विद्या त्यांच्या आईची. भाभीचा हात चालत नसेल तर त्यांच्या स्वतःच्या सुनेने करावी. ती वैष्णव घरातली, लहानपणापासून बघितलेली. उधन्याची मुलगी आली सहा-आठ महिन्यांपूर्वी, तिला काय कळणार? विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, की रोजच्या सांझी आपली सून करील, अमावस्येची पाण्यातलीही करील, आणि त्यानंतर ठरवू. हे ‘त्यानंतर ठरवू’ फोईंनी बरोब्बर ऐकलं आणि लेकीनेही. अमावस्या बिघडली तर पुढच्या वर्षापासून कात्री पलीकडच्या शेरीत जाणार होती. नव्या घरात लेकीला मिळालेलं पहिलं स्वतःचं काम होतं ते. ती फोनवर हसत बोलायची, पण रोज बोलताना एकदा तरी विचारायची, “मम्मी, मला जमेल ना गं?”

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी मी एकटाच तिकडे गेलो. माझ्या खिशात तीन डब्या होत्या. लेकीने अमावस्येला काही आणू नका म्हटलं होतं. ही चतुर्दशी होती.

लेक घरातल्या चौकात पाटावर बसून शेवटचा कागद कापत होती. चित्राच्या प्रत्येक रंगाचा कागद वेगळा. पिवळ्याचा एक, निळ्याचा एक, असे एकावर एक बसवत नेले की चित्र पुरं होतं. मी बघता बघता ज्ञान द्यायला सुरुवात केली. “आमच्याकडेही हेच. जितके रंग तितक्या जाळ्या. आणि मधला तुकडा सुटून पडू नये म्हणून जोड ठेवावा लागतो. तो बघ, गायीच्या डोळ्याला जोड...”

“पप्पा, ठेवलाय.”

“मोराच्या...”

“पप्पा.”

विहीणबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर. हसून म्हणाल्या, “बोलवा दो ने. वेवाई बोले छे तो एनो हाथ सीधो चाले छे.” बाप बोलतोय म्हणून पोरीचा हात सरळ चालतोय, याला कौतुक समजावं की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेवढ्यात माझी नजर रंगांच्या वाट्यांवर गेली. पिवळा, हिरवा, निळा. बाजारातले साधे रांगोळीचे रंग. माझ्या डोळ्यांना ते अगदी पाणचट वाटले. मी खिशातून डब्या काढल्या. रंगाचे व्यापारी मिलमध्ये नमुने ठेवून जातात, त्यातल्या होत्या. एकात मजेंटा, एकात मोरपिशी निळा, एकात हळदीला लाजवील असा पिवळा. पांढऱ्या रांगोळीत चिमूट-चिमूट मिसळून मी फरशीवर एक रेघ टाकली.

सगळं घर बघायला आलं. विहीणबाई झोपाळ्यावरून उतरल्या. “आ रंग छे के लाइट?” जावई मोबाइलवर फोटो काढायला लागले. फोईसुद्धा तिथेच होत्या, त्या चष्मा सारखा करत म्हणाल्या, “हारो छे.” सुरती माणसाच्या तोंडून निघालेलं ‘हारो’, म्हणजे ‘छान’, हे सोन्याचं पदकच. लेकीने सासूकडे बघितलं, सासूने मान हलवली, आणि राधेची ओढणी, यमुनेचं पाणी आणि कृष्णाचा पीतांबर या तिन्हींचं कंत्राट आमच्या मिलला मिळालं. घरी परत येताना मी रिक्षावाल्याला मोरपिशी कशी उठवायची ते सांगितलं.

इथे वाचकाला एक गोष्ट लक्षात आली असेल. ती त्या चौकात कुणाच्याही लक्षात आली नाही. विहीणबाईंच्या नाही, कारण त्यांनी जन्मभर रांगोळीच वापरलेली. लेकीच्या नाही, कारण तिचे रंग कॉम्प्युटरमध्ये असतात. आणि माझ्या? माझी नोकरीच मुळी ही पूड पाण्यात विरघळवायची आहे. सकाळी जातो, पाण्यात विरघळवतो, संध्याकाळी घरी येतो. पंचवीसेक वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी व्हायची होती ती पाण्यातली सांझी.

अमावस्येला सकाळी आमच्या गच्चीवर पित्तरांचं जेवण होतं. खीर, उडदाचे वडे, कढी, काकडीची कोशिंबीर. उधन्याच्या कावळ्यांना त्या दिवशी इतकी आमंत्रणं असतात, की ते उशिरा येतात आणि उपकार केल्यासारखे दोन शितं खाऊन जातात. आमचे वडील जिवंतपणीही जेवायला असेच उशिरा यायचे, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटत नाही. ते आटोपलं आणि बायको नवं नसलेलं पण स्वच्छ लुगडं नेसून निघाली. रस्ताभर एकच बजावत होती, “मी नुसतं देखाले येस. हात लावाव नही.” म्हणजे ती फक्त बघायला येणार, पित्तरांच्या दिवशी रंगाला हात लावणार नाही.

चौकात मोठी पितळी परात मांडली होती. ती आधी तेलाचा हात देऊन तुळतुळीत केलेली. मग लेकीने एकेक कागद बसवून रंग चाळायला सुरुवात केली. आधी गायी, मग कदंब, मग निळी यमुना. कागद ठेवताना ती ओठ दातांत धरायची, उचलला की सोडायची. शेवटचा मजेंटाचा कागद उचलला तेव्हा परातीत जे काही उमटलं होतं ते बघून बायको माझ्या कानात म्हणाली, “आपलीच पोर शे ना ही?” मला खात्री होती, पण मीही पुन्हा एकदा लेकीकडे बघून घेतलं.

आता पाणी. परातीच्या कडेवरून, अगदी संथ, चित्र न हलवता सोडायचं. तेलाने धरलेला रंग तळाशी बसून राहतो आणि वर काचेसारखं पाणी उभं राहतं. लेकीने लोटा कलता केला. पाणी कडेवरून उतरलं आणि यमुनेपाशी पोचलं.

यमुना वाहायला लागली.

आधी सगळ्यांना तो चमत्कारच वाटला. निळी रेघ लांबली, वळली, चांगली नदीसारखी निघाली. मग ती काठावर चढली. मग राधेची ओढणी सुटली आणि यमुनेत मिसळली. दोघींचा मिळून जांभळा झाला. गायी पांढऱ्या होत्या त्या गुलाबी झाल्या, कदंब गेला, पीतांबर गेला, आणि शेवटी परातीत आमच्या मिलच्या मागच्या नाल्यासारखं पाणी तेवढं उरलं. वर थोडं तेल चमकत होतं.

मी परातीकडे बघत राहिलो आणि डोक्यात एकच हिशेब चालू झाला, की हा रंग सुती कापडावर घट्ट बसतो. मी हे बोललोही असणार, कारण बायको म्हणाली, “आते तरी चूप बठा.”

फोईंनी पदर सावरला. “में तो पहेलेथी कह्युं’तुं.” मग त्या उठल्याच. “भाभी, दर्शनाला बायका येतील आता. माझी सून प्लॅस्टिकचे तयार साचे घेऊन बसलीये घरी. ऑनलाइन मागवलेत, मोर आहे, कमळ आहे. कोरड्या रंगाने पाच मिनिटांत होईल. बोलावू?”

विहीणबाई लेकीकडे बघत होत्या. “बोल बेटा,” एवढंच म्हणाल्या.

लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिने गालावर येऊ दिलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसतं म्हणाली, “कागद आहे का अजून?”

कोरा कागद एकच उरला होता. आधीचे सगळे साचे रंगाने माखलेले, त्यांना पाणी लागलं की पुन्हा तोच तमाशा. एका कागदात म्हणजे एकच रंग, आणि वेळ तर इतका कमी, की गायीचं एक शेपूटही नीट कापून झालं नसतं. लेकीने कागदाची घडी घातली. मग आणखी एक. चौघडी कागद हातात घेऊन ती सासूला म्हणाली, “मम्मीजी, छेल्ले दिवसे कोट बने ने?” शेवटच्या दिवशी कोट, म्हणजे चार दरवाजांचा किल्ला करायचीही रीत आहे, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

“बने. पण कोट कापायला तीन दिवस लागतात बेटा.”

“पाव कापते,” लेक म्हणाली.

उधन्याला आमच्या सोसायटीच्या गणपतीत पताका कापायचं काम या पोरीकडे असायचं. ढीगभर पताका आणि कात्री एक, त्यामुळे घड्या घालून कापायची तिला सवय. दोन अर्ध्या भिंती, दोन अर्धे दरवाजे, वर कंगोरे, प्रत्येक अर्ध्या दरवाजाशी एक हत्ती; घडी उघडली की चार भिंती, चार दरवाजे आणि आठ हत्ती, समोरासमोर सोंड करून. कात्री अशी करकरत चालली होती, की मी यावेळी ज्ञान दिलं नाही. एकदा तोंड उघडलं होतं, पण बायकोकडे बघून जांभई दिली.

परात रिकामी करायला घेतली तर तेवढ्यात जावयांनी विचारलं, हे पाणी तापीत सोडायचं ना? सांझीचा रंग नदीतच देतात. मी म्हणालो, “नको. आमच्याकडून तिला पुष्कळ पोचतं.” पाणी बादलीत भरून मागे ठेवलं. विहीणबाईंनी डाव्या हाताने परात पुसली. किती पुसली तरी पितळेच्या बारीक खाचांत एक गुलाबी झाक राहिलीच. आमच्या मिलचा माल पक्का असतो.

घडी उलगडली तेव्हा दुसरीच पंचाईत. मधल्या घडीच्या रेषा ताठ उभ्या. कागद परातीला चिकटून बसला नाही तर खालून रंग पसरणार. इस्त्री फिरवली तर हत्तींच्या सोंडा अडकून फाटतील. विहीणबाईंनी इकडेतिकडे बघितलं. मग कागद दोन गुळगुळीत पाटांमध्ये ठेवला आणि मला म्हणाल्या, “वेवाई, बेसो.”

मी त्यावर बसलो. त्या दिवशी मला जमलेलं हे एकच काम. चौकाच्या मधोमध, दोन पाटांवर, हात न हलवता. लेक जाता-येता म्हणायची, “पप्पा, हलू नका,” आणि मी श्वासही बेतानेच घेत होतो. उजवीकडे रंगाच्या वाट्या होत्या. माझा हात सवयीने तिकडे वळला असेल, कारण कुणीतरी त्या उचलून लांब ठेवल्या.

कागद सपाट झाला. परातीला पुन्हा तेल. कागद बसला, वरून पांढरी रांगोळी चाळली. विहीणबाईंच्या डब्यातली, अस्सल, पाण्याला न घाबरणारी. आता उचलायचा. आणि इथे लेक थांबली. लहान साचे ती एकटी उचलायची. हा कागद परातीएवढा, आत नुसती जाळी. एका बाजूने उचलला की दुसरी बाजू लोंबणार आणि सगळा कोट पुसणार. चार कोपरे, चार हात हवेत, आणि सगळे एकदम वर जायला हवेत.

एक कोपरा लेकीने धरला. दुसरा विहीणबाईंनी, डाव्या हाताने. जावई पुढे आले, तर त्यांचे हात फोटो काढता काढताच थरथरत होते. त्यांना मागे पाठवलं. मी बाजूला सरकवलेल्या पाटावर पुन्हा बसलो होतो, तिथून उठायच्या आत दोन-तीन आवाज आले, “तमे नहीं!” विहीणबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, “तमे आवो ने.”

बायको मागे सरली. एक तर पित्तरांचा दिवस. त्यात हे सोवळ्याचं घर. “आम्ही लसूणवाले,” ती मराठीत पुटपुटली.

“आज लसूण खाल्ला?” विहीणबाईंनी विचारलं.

“आज कुठला? आज पित्तर. आज कांदाबी नही.”

“मग काय? हात धुवा आणि या.”

ज्या दिवसासाठी ती रंगाला शिवणार नव्हती, त्याच दिवसामुळे ती सोवळी ठरली होती. तिने हात धुतले. येता येता माझ्यापाशी वाकून ती हळूच म्हणाली, पित्तर झालेल्या माझ्या वडिलांना कळवण्यासारखं काही असेल तर मी कळवावं म्हणून असेल, “मी रांगोळी कोठे काढस? मी नुसता कागद धरस.” आणि तिने तिसरा कोपरा धरला.

चौथा तसाच राहिला. फोई दाराशी उभ्या होत्या, चपला पायात. विहीणबाईंनी वर बघितलं. “बेन, कोपरा तुमचा आहे.”

फोई आल्या नाहीत. मग विहीणबाई लेकीला म्हणाल्या, पण आवाज मोठा ठेवून, “माझ्या सासूबाई कापायच्या ना, तेव्हा कोपरा फक्त बेनला धरायला द्यायच्या. माझ्या हातून उचलताना रंग पडायचा.”

“बहु पडतो’तो,” फोई दारातून म्हणाल्या. खूप पडायचा.

“मला कापायला शिकवलं, पण उचलायला पुढे कधी दिलं नाही.”

“अने मने कापवा न आप्युं,” फोई म्हणाल्या. मला कापायला दिलं नाही. हे बोलताना त्यांचा आवाज अगदी वेगळा झाला. मग चपला काढल्या, हात धुतले, गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या आणि चौथा कोपरा दोन बोटांत धरला. धरल्याबरोबर लेकीला म्हणाल्या, “असा नाही. अंगठा खाली. हां. ओढायचा नाही, हवेत सोडल्यासारखा वर. मी ‘जय’ म्हटलं की. आणि श्वास कुणी सोडायचा नाही. वेवाई, तमे पण.”

मी लांब बसलो होतो तरी श्वास धरला.

“जय.”

चार कोपरे वर गेले. एक वैष्णव, एक प्लास्टरवाली, एक खानदेशी आणि एक जी आताच्या आता हे सगळं शिकत होती. चौघींचे हात एका उंचीवर. कागद बाजूला गेला. परातीत पांढरा कोट उभा, एकही कण इकडचा तिकडे नाही. लेकीने पाणी सोडलं. लोटा कलता करताना फोईंनी खालून बोट लावलं होतं. पाणी कडेवरून उतरलं, पहिल्या दरवाजातून आत शिरलं, मग दुसऱ्या, आणि कुठेही काही हललं नाही. पांढरा कोट पाण्याखाली तसाच उभा. खालच्या पितळेतून तो गुलाबी रंग वर आलेला, जसा संध्याकाळचा असतो, दिवे लागायच्या आधीचा.

बायका यायला लागल्या. दिवा लावला. कीर्तन झालं. मी पाट सोडून भिंतीशी बसलो, कारण मला एका माणसाने जाताना तुडवलं. शेजारची एक म्हातारी परातीवर वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आ कोणे करी?”

लेक पदर डोक्यावर घेऊन खांबाशी उभी होती. सगळ्यांनी विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाईंनी काही उत्तर द्यायच्या आत फोई म्हणाल्या, “अमारी वहुए.” आमच्या सुनेने.

“पण आवो गुलाबी क्यांथी लाव्या?” असा गुलाबी कुठून आणला, म्हातारीने विचारलं.

मी खोकलो. बायकोने मला चिमटा काढला. फोईंनी मान ताठ करून सांगितलं, “ए तो अमारा घरनी रीत छे.”

बायका पांगल्यावर फोई निघाल्या. चपला शोधता शोधता परत वळल्या, परातीपाशी आल्या आणि बोटाने दाखवत लेकीला म्हणाल्या, “पण सांभळ. दरवाजो नीचो छे. आवता वरसे जरा उंच काप. ठाकोरजींचा हत्ती काय मान वाकवून आत जाणार?”

आवता वरसे म्हणजे पुढच्या वर्षी. झोपाळा थांबला. विहीणबाई प्लास्टरवरची सुटलेली पट्टी नीट करत राहिल्या. लेक परातीजवळ खाली बसली, दिवसभरात पहिल्यांदाच नीट मांडी घालून.

“किती उंच, फोईबा?” तिने विचारलं.

फोईंनी दोन बोटांनी माप दाखवलं. मग थोडा विचार करून ती बोटं आणखी जरा फाकवली.